कवळीखाली टाळू लाल झालीये? आधी हे बघा
कवळी लावणाऱ्यांची टाळू लालभडक होते, कधी आग होते कधी काहीच जाणवत नाही, हे बऱ्याचदा कॅन्डिडा नावाच्या बुरशीचं काम असतं. डेंटिस्टने क्लोट्रिमॅझोलचं माउथ पेंट (तोंडात लावायचं बुरशीवरचं औषध) दिलं तर कवळी काढून मगच लावा, वरून लावून काय उपयोग! आणि नुसतं तोंड बरं करून भागत नाही, बुरशी कवळीवरच बसलेली असते, त्यामुळे ती रोज मऊ ब्रशने साबण-पाण्याने घासायची, रात्री काढून ठेवायची (आमच्या आजीला हेच पटत नाही, झोपेतही हवी). वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) चालू असेल तर मायकोनॅझोल जेल (हेही बुरशीवरचंच औषध) स्वतःहून आणू नका, रक्त जास्तच पातळ होतं. सारखं होत असेल तर शुगर तपासा, कवळी सैल झालीये का तेही दाखवून घ्या.