फोन टेकवून पैसे जात नव्हते, शेवटी जमलं

पाकीट बंद करून कार्ड, ओळखपत्र सगळं फोनवर आणलं, पण पैसे द्यायला फोन टेकवला की मशीन ढिम्म आणि मागची रांग ताटकळलेली. एनएफसी (फोन जवळ नेऊन मशीनशी जोडणारी बिनतारी सोय) चालू, डिफॉल्ट पेमेंट अ‍ॅपपण बरोबर. मग कव्हर काढून बघितलं तर झटक्यात झालं! गाडीतल्या होल्डरसाठीची लोखंडी पट्टी नेमकी अँटेनावर बसलेली, आणि एनएफसीची रेंजच जेमतेम 4 सेंटिमीटर. पट्टी खाली सरकवली, काम झालं. राहिली बॅटरीची धास्ती. काही आयफोनमध्ये चार्जिंग संपल्यावरही एक्सप्रेस कार्ड (फोन अनलॉक न करता नुसतं टेकवून चालणारं कार्ड) 5 तासांपर्यंत चालू शकतं, माझ्या अँड्रॉइडमध्ये तसलं काही नाही, म्हणून एक कार्ड नि ओरिजिनल ओळखपत्र बॅगेच्या आतल्या कप्प्यात असतंच, हसा खुशाल.