गाडी एका बाजूला कलते? पाटे बदलण्याआधी या चुका टाळा

पिकअपचा मालक गॅरेजमध्ये येतो, तेव्हा निदान त्याने बहुधा घरूनच करून आणलेले असते: उजवी बाजू बसली आहे, उजवीकडचे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) बदला. खाली गेलेली बाजू हीच बिघडलेली बाजू, हे गृहीत धरणे ही या कामातली मूळ चूक आहे आणि बाकीच्या बऱ्याच चुका तिच्यातूनच निघतात. चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, ही चार ठिकाणी स्प्रिंगांवर टेकलेली एकच ताठ चौकट असल्यामुळे एका कोपऱ्यातला बिघाड उरलेल्या तिन्ही कोपऱ्यांच्या उंचीवर उमटतो. शिवाय कधी कधी खालची बाजू अगदी योग्य उंचीवर असते आणि वरची बाजूच गंजून अडकल्यामुळे खाली यायला तयार नसते.

पुढील विवेचन मुख्यतः मागे पाटे असलेल्या पिकअप आणि जीपसारख्या गाड्यांना धरून केले आहे. कॉइल स्प्रिंगच्या मोटारींनाही त्यातले बरेचसे लागू पडते.

आधी तक्रार नेमकी कोणती आहे ते ठरवावे. गाडी उभी असताना कलते की चालताना एका बाजूला ओढते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ओढण्यामागे बहुतेक वेळा टायरमधली कमी-जास्त हवा, अलाइनमेंट किंवा चिकटून राहिलेला ब्रेक असतो, आणि त्यासाठी पाटे खोलणे म्हणजे आजार एक आणि औषध भलतेच.

मोजमापाशिवाय निदान करू नये

पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून आपल्याकडचे डांबरी रस्ते मध्यापासून कडेला साधारणपणे मीटरमागे दोन ते अडीच सेंटिमीटर उतरते केलेले असतात. गाडीच्या दोन चाकांमधले अंतर सव्वा ते दीड मीटर धरले, तर रस्त्याच्या डाव्या कडेला उभी केलेली निर्दोष गाडीसुद्धा डावीकडे तीनेक सेंटिमीटर झुकलेली दिसणारच. म्हणून गाडी सपाट फरशीवर घ्यावी, हौदा रिकामा करावा, चारही टायर एकाच मापाचे आहेत ना ते पाहून हवा कंपनीने सांगितलेल्या दाबाइतकी भरावी, आणि थोडे पुढे-मागे चालवून, हँडब्रेक न लावता, चाकांना ओंडके लावून ती उभी करावी.

माप घेताना जमिनीपासून मडगार्डपर्यंत टेप लावण्याची सवय सर्रास दिसते. त्यात टायरची झीज आणि हवा मिसळते. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर घेतले, तर टायरचा हिशेब बाजूला राहतो. चारही कोपऱ्यांची मापे कागदावर लिहून ठेवावीत. डाव्या-उजव्या बाजूंत सेंटिमीटरभराचा फरक बऱ्याच गाड्यांत दोष मानला जात नाही. नेमकी मर्यादा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावी.

आता या मापांचा अर्थ लावू. मागचा उजवा पाटा कमजोर झाला, तर मागची उजवी बाजू खाली जातेच; पण ताठ चेसिस कलल्यामुळे पुढची उजवी बाजूही थोडी दबते आणि पुढची डावी बाजू उचलल्यासारखी होते. चालकाच्या नजरेला आधी पुढचा भाग पडतो, म्हणून पुढची स्प्रिंग बदलली जाते आणि नवी स्प्रिंग घालूनही गाडी कललेलीच राहते. ही शंका फेडण्याची रीत सोपी आहे. मागच्या बाजूला चेसिसच्या मधल्या आडव्या पट्टीला बरोबर मध्यभागी जॅक लावून पाट्यांवरचा भार निघेल इतपत गाडी उचलावी. पुढचा भाग सरळ झाला, तर दोष मागे आहे. तसाच कललेला राहिला, तर पुढे शोधावा. गाडी अशी एकाच जॅकवर असताना तिच्याखाली कोणीही शिरू नये.

आणखी एक तपासणी बहुतेक जण विसरतात. बॉडीबरोबरच चेसिसच्या दोन्ही बाजूंची उंचीही मोजावी. चेसिस समपातळीत आणि केबिन मात्र कललेली असेल, तर केबिनखालची माउंटिंग रबरे दबलेली किंवा फाटलेली असतात. केबिन आणि हौदा यांमधली फट वर रुंद आणि खाली अरुंद दिसू लागली, तरी संशय या रबरांवरच घ्यावा.

शॉकअपला दोष देणे

शॉकअप गाडीचे वजन पेलत नाही. स्प्रिंगची उसळी थोपवणे हे त्याचे काम. तो गळला की गाडी खड्ड्यानंतर डुलत राहते, पण उभी असताना त्यामुळे कलत नाही. अपघातात वाकलेला स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप यांची एकत्र जोडणी) किंवा बसलेले स्ट्रट माउंटिंग हा मोटारींतला अपवाद. तरीही कलणाऱ्या गाडीला सर्वांत आधी शॉकअपच बदलले जातात, कारण ते बदलायला सोपे आणि विकायलाही सोपे.

पाट्यांच्या बाबतीत

तुटलेला पाटा वरवर पाहून सापडत नाही. पाटा पुष्कळदा सेंटर बोल्टच्या, म्हणजे सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या, भोकापाशी तुटतो, आणि नेमकी तीच जागा पाटे एक्सलला बांधणाऱ्या यू-बोल्टच्या पकडीखाली झाकलेली असते. म्हणून चिखल धुऊन, तारेच्या ब्रशने घासून, बॅटरीच्या उजेडात प्रत्येक पाट्याची कड पाहावी. गंजाची आडवी बारीक रेघ दिसली, तर तिथे तडा असण्याची शक्यता मोठी. सेंटर बोल्टच तुटला असेल, तर एक्सल एका बाजूने मागे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. दोन्ही बाजूंना पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर मोजले, की हे लगेच उघड होते.

शॅकल, म्हणजे पाट्याचे टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी, सुटेपणाने हलते का, तेही पाहावे. ग्रीसविना गंजलेली पिन पाट्याला लांब होऊ देत नाही, त्यामुळे ती बाजू वर राहते, आणि दुसरी, चांगली बाजू बसल्याचा आरोप होतो.

बसलेल्या पाट्यांना ठोकून पुन्हा कमान काढून घेण्याची पद्धत स्वस्त पडते, परंतु योग्य उष्णोपचाराशिवाय दिलेली कमान माल भरताच पुन्हा उतरू लागते. पाटा तापवून ठोकणे किंवा वेल्डिंग करणे तर पोलादाचा कसच घालवते. एकाच बाजूला जादा पाटा घालणे, कॉइलमध्ये रबराचे गुटके बसवणे किंवा उंच बाजूचे वेटोळे कापणे हे उपाय फक्त माप जुळवतात. दोन्ही बाजूंचा कडकपणा वेगळा झाल्याने वळणावर गाडीचा भरवसा राहत नाही. पाटे जोडीनेच बदलावेत आणि यू-बोल्ट नवे घालावेत. मालाच्या पहिल्या खेपेनंतर ते पुन्हा आवळणे आवश्यक आहे. मात्र कांद्याच्या गोण्या रोज एकाच अंगाला जास्त लागत असतील, तर नवे पाटेही त्याच बाजूला बसतील.

टॉर्शन बार आणि बुश

टाटा सुमोसारख्या ज्या गाड्यांना पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारी पोलादी दांडी) असतो, त्यांत उंची बोल्टने कमी-जास्त करता येते, आणि ही सोयच मोहात पाडते. मागचा दोष पुढचा बोल्ट पिळून झाकला जातो. दोष खरोखर पुढेच असल्याची खात्री झाल्यावर पुढची चाके अधांतरी करून, भार काढूनच बोल्ट फिरवावा, आणि गाडी थोडी चालवून आणून मगच नवे माप घ्यावे. डावा आणि उजवा बार एकमेकांच्या जागी बसवू नयेत. त्यांचा पीळ वेगवेगळ्या दिशेचा असतो.

रबरी बुश, म्हणजे सांध्यांतल्या बोल्टभोवतीची रबरी नळी, बदलताना होणारी चूक तर गाडी दुरुस्त करायला आणल्यावरच घडते. गाडी उचललेली आणि चाके लोंबकळत असताना बुशचे बोल्ट पूर्ण आवळले, तर रबर त्याच स्थितीत जखडले जाते. गाडी खाली आल्यावर ते पिळलेले राहते, ती बाजू थोडी वर धरते आणि लवकर फाटते. बोल्ट आधी हलके लावून, गाडी चाकांवर उभी राहिल्यानंतर शेवटचा आवळ द्यावा.

काम झाल्यावर अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत तपासला जातो, पण मालवाहू गाड्यांत मागच्या एक्सलला जोडलेल्या एलएसपीव्ही (लोड सेन्सिंग प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह) या व्हॉल्व्हकडे क्वचितच कोणी पाहते. मागच्या भागाची उंची पाहून हा व्हॉल्व्ह भाराचा अंदाज घेतो आणि त्यानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. नव्या पाट्यांनी गाडी वर आली, की भरलेला हौदाही त्याला हलका भासतो आणि मागचे ब्रेक कमी लागतात. म्हणून त्याची दांडी मॅन्युअलमधल्या मापाप्रमाणे जुळवून घेतल्याशिवाय गाडी मालावर पाठवू नये.