छोट्या विमानाच्या कॉकपिटमध्ये टॅब : या चुका टाळा

एप्रिल-मेमध्ये उजळाईवाडीच्या, म्हणजे कोल्हापूर विमानतळाच्या, एप्रनवर (विमानं उभी करतात त्या जागेवर) तासभर उन्हात उभ्या असलेल्या सेसना १५२ चं दार उघडलं की भट्टीसारखी झळ अंगावर येते. आयपॅड चालवण्यासाठी अॅपलने दिलेली मर्यादा ० ते ३५ अंश सेल्सिअस आहे आणि कोल्हापुरात त्या दिवसांत सावलीतलं तापमानच तिच्या पलीकडे जातं. उड्डाणाची तयारी करताना नकाशासाठी आणलेला टॅब ग्लेअरशील्डवर (समोरच्या काचेखालच्या पॅनेलच्या कडेवर) ठेवून विसरलात, तर इंजिन सुरू होण्याआधीच पडद्यावर थर्मामीटरचं चिन्ह येतं आणि नकाशा जातो.

टॅब हवेत दगा देतो अशी तक्रार असते. पण खोदून पाहिलं तर बहुतेक वेळा चूक जमिनीवर, निघण्याआधीच झालेली असते. म्हणून इथे भर तयारीवर आहे.

उष्णता

टॅब तापतो तो चार गोष्टींनी : थेट ऊन, पूर्ण ब्राइटनेस, चालू चार्जिंग आणि जाड रबरी कव्हर. चारही एकत्र आल्या तर मे महिन्यात तो फार वेळ टिकत नाही. निघेपर्यंत टॅब बॅगेत, सावलीत ठेवा. घरून १०० टक्के चार्ज करून आणा, म्हणजे पहिला तास केबल लावावीच लागणार नाही. कव्हर काढा किंवा पाठ उघडी राहील असा क्लॅम्प वापरा आणि हवेचा व्हेंट त्या पाठीकडे वळवा. काचेला चिकटवलेला टॅब सगळ्यात आधी बंद पडतो. योकवर (विमान वळवायच्या दांड्याच्या हँडलवर) किंवा मांडीवर तो बराच थंड राहतो.

थर्मामीटर आलाच तर ब्राइटनेस कमी करा, चार्जिंग काढा, टॅब सावलीत सीटखाली सरकवा. बर्फाच्या थंड पिशवीला लावू नका. आत बाष्प धरलं तर टॅब कायमचा जाईल. आणि दोन सारखे आयपॅड शेजारी-शेजारी लावले म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. एकाला जे ऊन लागतं तेच दुसऱ्याला लागतं.

जीपीएस नसलेला टॅब

ही चूक खरेदीतच होते. फक्त वायफाय असलेल्या आयपॅडमध्ये जीपीएस रिसीव्हर नसतो. घरी राजारामपुरीत तो तुमचं ठिकाण बरोबर दाखवतो, कारण आजूबाजूच्या वायफायवरून अंदाज घेतो. गगनबावड्याच्या वर कुठलं आलंय वायफाय? सेल्युलर मॉडेल घ्या, त्यात सिम नसलं तरी जीपीएस चालतं. वायफायवाला आधीच घेतला असेल तर ब्लूटूथने जोडायचा वेगळा रिसीव्हर लागेल.

सेल्युलर असूनही विमानाचं चिन्ह हलत नसेल तर सेटिंगमध्ये त्या अॅपची लोकेशन परवानगी बघा आणि तिच्याखालचं ‘प्रिसाइज लोकेशन’ चालू आहे का तेही बघा. ते बंद असेल तर टॅब तुम्हाला काही किलोमीटरच्या ढोबळ वर्तुळात कुठेतरी ठेवतो. नेटवर्कशिवाय पहिल्यांदा सुरू केलेला रिसीव्हर सॅटेलाइट शोधायला वेळ घेतो. सॅटेलाइट आपल्या कक्षेची नेमकी माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो, पण सगळ्या सॅटेलाइटची ढोबळ यादी पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून टॅब हँगरमध्ये पत्र्याखाली सुरू करू नका. बाहेर, मोकळ्या आकाशाखाली सुरू करा.

माउंट, चुंबक आणि केबल

टॅबच्या कव्हरमधली आणि काही माउंटमधली चुंबकं होकायंत्र फिरवतात. तपासायला सोपं आहे : इंजिन आणि रेडिओ चालू ठेवून विमान स्थिर उभं करा, टॅब त्याच्या जागी लावा, होकायंत्राचा आकडा लिहा. मग टॅब हातभर मागे न्या. आकडा हलला तर जागा बदला किंवा कव्हर काढा. उद्यमनगरात कुणीही तासाभरात सुबक ब्रॅकेट घडवून देईल, पण तो अॅल्युमिनियमचाच करून घ्या, लोखंडी नको. आणि विमानाला भोक पाडून, स्क्रू मारून काही बसवायचं असेल तर तो विमानातला बदल ठरतो. ते काम परवानाधारक मेंटेनन्स इंजिनिअरशिवाय करू नका.

मांडीवरचा टॅब योकला अडतो. १५२ मध्ये दहा-अकरा इंचांचा टॅब मांडीवर घेऊन योक पूर्ण मागे ओढून बघा, मग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. कुठे टेकला तर ती जागा बाद. मिनी आकाराचा, सुमारे ३०० ग्रॅमचा टॅब अशा कॉकपिटमध्ये बरा पडतो. केबल लावलेली असताना हीच तपासणी पुन्हा करा, कारण वेटोळं योकच्या दांड्यात अडकतं.

चार्जर घेताना व्होल्टेज वाचा. सेसना १७२एस ची वीजव्यवस्था २८ व्होल्टची आहे. फक्त १२ व्होल्टवर चालणारा गाडीचा चार्जर तिथे जळतो. ‘१२–२४ व्होल्ट’ लिहिलेल्या स्वस्त चार्जरचाही भरवसा नाही, कारण अल्टरनेटर चालू असताना व्होल्टेज २८ च्या आसपास असतं. ३२ व्होल्टपर्यंत चालणारा घ्या. साधा ५ वॅटचा पोर्ट पूर्ण ब्राइटनेसच्या टॅबला पुरत नाही. केबल लावूनही टक्के घसरत असतील तर कारण हेच. रेडिओवर सतत खरखर येत असेल तर चार्जर सॉकेटमधून उपटा. खरखर थांबली तर गुन्हेगार सापडला.

डाउनलोड झालं असं वाटतं, पण झालेलं नसतं

आदल्या रात्री वायफायवर नकाशा छान दिसतो आणि वर गेल्यावर अर्धा पडदा पांढरा. तुम्ही बघत होता तो नकाशा त्या क्षणी नेटवरून येत होता. घरीच तपासा : टॅब एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद करा, अॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा आणि नियोजित मार्गावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत झूम करत जा. पर्यायी विमानतळाचं पानही उघडून बघा.

हवाई माहिती २८ दिवसांच्या चक्राने बदलते. अॅपमधली चक्राची तारीख बघा आणि शंका आली तर भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ई-एआयपीशी (अधिकृत हवाई माहितीपुस्तिकेशी) ताडून पाहा. नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या तात्पुरत्या बदलांच्या सूचना, वेगळे काढावेच लागतात. उड्डाणाच्या आदल्या दिवशी टॅबची सिस्टिम अपडेट करण्याचा मोह आवरा.

एक बिंदू, १६ मैलांची चूक

हाताने कोऑर्डिनेट (अक्षांश-रेखांश) टाकताना होणारी ही चूक लवकर लक्षात येत नाही. कोल्हापूर विमानतळ ढोबळमानाने १६ अंश ४० मिनिटं उत्तर, ७४ अंश १७ मिनिटं पूर्व इथे आहे. अॅप दशांश अंशांत मागत असेल आणि तुम्ही १६.४० व ७४.१७ टाकलंत, तर बिंदू १६ नॉटिकल मैल दक्षिणेला आणि जवळपास ७ मैल पश्चिमेला, म्हणजे मुरगूडच्या बाजूला पडतो. बरोबर आकडा १६.६७ आणि ७४.२८. बिंदू टाकला की त्याखालचं गाव ओळखीचं आहे का ते बघा. मार्गाचं अंतर आणि दिशाही पट्टीने एकदा मोजा.

उंचीचे दोन आकडे

टॅबची उंची आणि अल्टिमीटरची (हवेच्या दाबावरून उंची दाखवणाऱ्या विमानातल्या यंत्राची) उंची जुळत नाही म्हणून नवखे गोंधळतात. कारणं दोन. जीपीएसची मूळ उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते आणि आपल्या भागात समुद्रसपाटी त्या गोलाच्या ६० मीटरहून जास्त खाली आहे. अॅप हा फरक भरून काढतं, पण जोडलेल्या एखाद्या रिसीव्हरचं सेटिंग चुकलं असेल तर उजळाईवाडीला जमिनीवर २,००० च्या आसपास दिसायला हवेत तिथे दोनशेहून जास्त फूट कमी दिसतील. निघण्याआधी तेवढं बघाच.

दुसरं कारण उष्णता. अल्टिमीटरच्या हिशेबात २,००० फुटांवर मानक तापमान ११ अंश धरलेलं असतं. विमानतळावर ३१ असेल तर हवा २० अंशांनी गरम आहे. विमानतळापासूनच्या दर हजार फुटांमागे प्रत्येक अंशाला सुमारे ४ फूट फरक पडतो. म्हणजे अल्टिमीटरवर क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या हिशेबाने दिलेला हवेचा दाब) लावून ५,००० फुटांवर असताना, विमानतळाच्या ३,००० फूट वर, टॅब ५,२४० च्या आसपास दाखवेल. टॅब बिघडलेला नाही. तरी उंची राखायची ती अल्टिमीटरवरच, कारण आजूबाजूची विमानं आणि टॉवर त्याच आकड्यावर बोलतात.

हवामानाचा रंगीत नकाशा

अमेरिकेतल्या व्हिडिओंमध्ये छोट्या एडीएस-बी रिसीव्हरवर (विमानं आपली जागा कळवतात ते रेडिओ सिग्नल पकडणाऱ्या यंत्रावर) फुकट हवामान येताना दिसतं. ती प्रसारणसेवा अमेरिकेची आहे. तोच रिसीव्हर भारतात आणला तर हवामान येत नाही. विमानं दिसतात, पण फक्त सिग्नल पाठवणारी. पडदा रिकामा म्हणजे आकाश रिकामं नव्हे. रडारचं चित्र नेटवरून उतरवलं असेल तर त्यावरची वेळ वाचा. दुपारचा वळीव वीस मिनिटांत उभा राहतो, जुन्या चित्रात तो नसतोच. ढगांतून वाट काढायला ते वापरू नका.

झूम बाहेर केलं की काही अॅप लहान हवाई क्षेत्रं लपवतात. ‘डायरेक्ट टू’ दाबलं की सरळ रेषा पडते, मग ती पन्हाळा-जोतिबाच्या डोंगरांवरून जावो की निर्बंधित क्षेत्रातून. दक्षिणेला पन्नासेक नॉटिकल मैलांवर बेळगावचा सांबरा हवाई दलाचा तळ आहे, तिकडे हे विशेष लक्षात ठेवा. पोलराइज्ड गॉगल घालून टॅब आडवा-उभा फिरवून बघा; एका स्थितीत पडदा काळा पडतो.

मध्येच पडदा गेला तर

आधी घड्याळ बघून वेळ लिहा, दिशा आणि उंची तीच ठेवा. टॅबशी झटापट नंतर. कागदी नकाशावर शेवटची खात्रीची जागा खूण करा. दर १० मिनिटांनी तशी खूण करत आला असाल तर हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ९० नॉटच्या वेगाने दर मिनिटाला दीड मैल, या हिशेबाने पुढचा बिंदू काढा. कोल्हापूर परिसरात असाल तर पुणे-बेंगळुरू महामार्ग शोधा. पंचगंगेवरून दक्षिणेकडे महामार्ग धरून या. पश्चिमेला शिवाजी विद्यापीठ दिसलं की धावपट्टी महामार्गाच्या पूर्वेला, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांच्या अलीकडे आहे. नियंत्रण क्षेत्रात शिरण्याआधी टॉवरला कळवा आणि जागा नक्की होत नसेल तर तेही मोकळेपणाने सांगा.