एकटं राहणारं गिऱ्हाईक परत का येत नाही? बेळगाव-निपाणी-खानापूरच्या दुकानदारांनो, या चुका टाळा

"छोटी पाकिटं ठेवून बघितली, खपली नाहीत." "हाफ राईस प्लेट सुरू केली होती, परवडेना म्हणून बंद केली." "एकट्या माणसाचं गिऱ्हाईक किती दिवसांचं? लग्न झालं की गेला."

खडे बाजारापासून टिळकवाडीपर्यंत कुठेही एकटं राहणाऱ्या गिऱ्हाइकाचा विषय काढा, हीच तीन उत्तरं फिरून फिरून येतात. उत्तरं प्रामाणिक आहेत, पण तिन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. एकटा माणूस म्हणजे उद्या होणारं कुटुंब, तोवर त्याचं कसंबसं भागवायचं, असं आपण धरून चाललोय. तो आजच पूर्ण गिऱ्हाईक आहे. त्याला घर चालवायचंय आणि कदाचित आयुष्यभर एकट्यानेच चालवायचंय.

एकटा म्हणजे कॉलेजचा पोरगा, हे आधी डोक्यातून काढा

बेळगावात ही चूक होणं स्वाभाविक आहे. केएलई ही शिक्षणसंस्था १९१६ पासून इथे आहे, मेडिकल कॉलेज १९६३ पासून, विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ पासून. रूमवर राहणारी पोरं गावाला सवयीची झाली आणि एकट्यांसाठीचा सगळा धंदा त्यांच्याच मापाने बेतला गेला: स्वस्त, झटपट आणि तात्पुरता.

पण जरा नीट बघा. हिंदवाडीत, शहापुरात, टिळकवाडीत मुलं पुण्या-बंगळूरला गेलेली आणि मागे एकटी आजी किंवा आजोबा उरलेले अशी घरं गल्लोगल्ली आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथे, आसपासच्या खेड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या पोरं सैन्यात जाणारी; नवरा सीमेवर आणि बायको मुलाच्या शाळेसाठी शहरात खोली घेऊन राहते. कागदावर ती विवाहित, पण सिलिंडर बदलायचा, नळवाला बोलवायचा, रात्री दार वाजलं तर उघडायचं की नाही हे ठरवायचं, सगळं तिच्या एकटीवर. उद्यमबागच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे आहेत, बदलीवर आलेले बँकवाले, परिचारिका, शिक्षिका आहेत. विधवा आहेत, घटस्फोट घेतलेले आहेत. पंचेचाळिशीचे, लग्न न केलेले आणि करायचं नाही असं ठरवलेलेही आहेत. हे शेवटचे लोक तर आपल्या हिशेबातच नसतात.

२०११ च्या जनगणनेत देशात एकट्या स्त्रियाच (विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, अविवाहित मिळून) ७ कोटी १४ लाखांच्या घरात होत्या. २००१ मध्ये हा आकडा ५ कोटी १२ लाख होता. त्यात सर्वांत मोठा वाटा विधवांचा. म्हणजे हे गिऱ्हाईक वयाने मोठं आहे, जबाबदार आहे आणि त्याच्या हाती थोडा का होईना पैसा आहे. कर्नाटकात २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत झाला आणि त्याच वर्षी गृहलक्ष्मीचे महिन्याला २,००० रुपये घरच्या कर्त्या स्त्रीच्या खात्यावर येऊ लागले. हुक्केरी-खानापूरहून बाजाराला एकटीने येणं आता सोपं झालंय. तिच्यासाठी दुकानात काय बदललं, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

उपाय अगदी साधा आहे. आठवडाभर गल्ल्याजवळ एक वही ठेवा आणि एका माणसापुरतं कोण काय घेतंय ते फक्त टिपून ठेवा. वय, वेळ आणि वस्तू. बाकी काही नको.

छोटं पाकीट का खपत नाही

कारण छोटं म्हणजे हलकं, असं समीकरण कंपन्यांनी आणि आपण मिळून करून ठेवलंय. शॅम्पूची पुडी १९८०च्या दशकात तमिळनाडूतून निघाली आणि देशभर पोचली. ती निघाली ती खिशात पैसे कमी असणाऱ्यासाठी. एकट्या माणसाची अडचण वेगळी आहे. त्याच्याकडे पैसे असतात, संपवायला माणसं नसतात. बँकेत नोकरी करणाऱ्या बाईला उत्तम तूप हवं असतं, पण २०० ग्रॅम. सुवासिक तांदूळ हवा असतो, पण एक किलो. पाच किलोंच्या पिशवीत पावसाळ्यात सोनकिडे होतात आणि निम्मा तांदूळ निवडून टाकावा लागतो. तुम्ही छोट्या पाकिटात सर्वांत स्वस्त माल ठेवला आणि चांगला माल मोठ्याच पाकिटात ठेवला, तर ती दोन्ही घेणार नाही. ऑनलाइन मागवेल.

जुना किराणा दुकानदार याबाबतीत आजच्या चकचकीत दुकानापेक्षा पुढे होता, असं माझं स्पष्ट मत आहे. सुटा माल होता. पावशेर डाळ, छटाकभर जिरं, हवं तेवढं. आठवडी बाजारातली भाजीवाली आजही दहा रुपयांचा वाटा लावते, त्यात एका माणसाच्या दोन वेळा निघतात. ज्वारीची कडक भाकरी नगावर मिळते, आठवडा टिकते, सोबत शेंगाचटणी घेतली की रात्रीचं जेवण झालं. एकट्याला उपयोगी असं बरंच काही आपल्या मातीत आधीपासून आहे. मॉलची नक्कल करण्याच्या नादात ते टाकून देऊ नका.

पाकीटच विकायचं असेल तर दोन गोष्टी तपासा. एक, दर. आता पाकिटावर ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पडतात तेही छापलेलं असतं आणि एकटं गिऱ्हाईक ते वाचतं, कारण महिन्याचा हिशेब त्याचा त्यालाच करायचा असतो. छोट्या पाकिटाला थोडं जास्त पडणार हे त्याला मान्य आहे, पण दीडपट पडलं की आपल्याला एकटेपणाचा दंड लावलाय असं त्याला वाटतं आणि ते खरंच असतं. दोन, जागा. तळाच्या फळीवर, फॅमिली पॅकच्या आड ठेवलेला माल खपला नाही तर तो दोष मालाचा नव्हे.

भांड्यांच्या दुकानातही हेच. दीड-दोन लिटरचा कुकर, एक वाटी चटणी नीट वाटणारं मिक्सरचं भांडं, लहान तवा मागितला की "मागवून देतो" म्हणतात. मागवून देतो म्हणजे गिऱ्हाईक गेलं. आणि शेगडी विकताना एक माहिती जरूर द्या. १४.२ किलोंच्या घरगुती जोडणीला पत्त्याचा पुरावा लागतो, भाडेकरूची अडचण तिथेच होते. ५ किलोंचा बाजारभावाचा छोटा सिलिंडर मात्र नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. हे सांगणारा दुकानदार लक्षात राहतो.

खानावळीत बसवताना होणाऱ्या चुका

एकटी बाई जेवायला आली की पहिला प्रश्न येतो, "अजून कोण येणार हाईत?" कुणीच नाही म्हटलं की तिला फॅमिली रूमच्या कोपऱ्यात नेऊन बसवतात. एकटा पुरुष आला तर फॅमिली रूमला बंदी आणि बाहेर चार खुर्च्यांचं टेबल अडवलं म्हणून नाराजी. गर्दीच्या वेळी अर्ध्या ताटावरून "जरा तिकडं सरकता काय?" हेही ऐकावं लागतं. असं वागवलेला माणूस भांडत नाही. तो पार्सल न्यायला लागतो आणि मग तेही बंद करतो.

भिंतीकडे तोंड करून किंवा रस्त्याकडे बघत बसता येईल अशी एक लांब फळी ठोका, चार-पाच स्टुलं ठेवा. कमी जागेत जास्त माणसं बसतात आणि एकट्याला आपण कुणाची जागा अडवली नाही याचं समाधान मिळतं. "किती जण?" हा प्रश्न चालेल, उत्तर "एक" आलं की पुढचा प्रश्न नको.

हाफ प्लेट परवडत नाही ही तक्रार खरी आहे, कारण बहुतेकांनी ती निम्म्या दराला लावली. भाडं, गॅस, आचाऱ्याचा पगार, ताट धुणं यातलं काहीही निम्मं होत नाही. पूर्ण ताटाच्या ६५ ते ७० टक्के दर लावा आणि दोन भाज्या, आमटी, भात सगळं द्या, फक्त माप कमी. गिऱ्हाईक तक्रार करणार नाही. त्याला स्वस्त नको असतं, ताटात टाकून द्यावं लागू नये एवढंच हवं असतं. अर्धी भाजी देताना मात्र ती कालची देऊ नका. हे लिहावं लागतं, याचं वाईट वाटतं.

महिन्याच्या डब्याचं गणित तर मुळातून बदलायला हवं. महिन्याचे साठ डबे, खाल्ले न खाल्ले पैसे पूर्ण, हा नियम कारखान्यातल्या माणसाला जाचतो. तो शनिवारी संध्याकाळी गावी जातो, सोमवारी सकाळी येतो. कधी दुसरी पाळी लागते. त्याला तीस कुपनांची वही द्या, तीन महिने चालेल अशी. आदल्या रात्री "उद्या नको" असा मेसेज आला की कुपन कापायचं नाही. खानावळवाल्याला आगाऊ पैसे मिळतात आणि उद्या किती भाकऱ्या थापायच्या ते रात्रीच कळतं. आजारपणात मऊ भात आणि मेतकूट किंवा मुगाची खिचडी वेगळी मागता यावी, थोडे जास्त पैसे घेऊन का होईना. तापाने फणफणलेल्या एकट्या माणसाला त्या दिवशी जो डबा पोचवेल, त्याला तो पुढे सोडणार नाही.

मेकॅनिक, पार्सल आणि बंद दार

"आमचा माणूस दहा ते सहाच्या मध्ये येईल." कुटुंबात कुणीतरी घरी असतं, म्हणून ही सोय आजवर खपली. एकट्याला त्यासाठी एक रजा घालवावी लागते आणि माणूस आला नाही तर दुसरी. वॉशिंग मशीन, फ्रिज, पाण्याचा फिल्टर विकणाऱ्यांनी दोन तासांची वेळ ठरवून द्यावी, संध्याकाळी सातनंतर आणि रविवारी जावं, हवं तर शंभर रुपये जास्त घ्यावेत. पार्सल दुकानात ठेवून घेण्याची सोय ही तर फुकटात मिळणारी जाहिरात आहे.

एकट्या बाईच्या घरी जाणाऱ्या माणसाचं नाव आणि फोटो आधी मेसेजने पाठवा. दार उघडं ठेवून काम करू द्या. काम झालं की तिचा नंबर त्या माणसाच्या मोबाइलमध्ये राहता कामा नये. काउंटरवर तिचा नंबर मोठ्याने विचारू नका. कागद पुढे करा. आणि दुकानात चार लोकांसमोर "एकट्याच राहता काय हो?" हे आपुलकीनेसुद्धा विचारायचं नाही. तुमच्या दृष्टीने ती चौकशी असते. मागे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला मात्र एक बातमी मिळालेली असते.

फॉर्ममधली "पतीचे नाव" ही ओळ

२०१६ पासून पासपोर्टला आई किंवा वडील एकाचंच नाव पुरतं आणि घटस्फोटितांना जोडीदाराचं नाव द्यावं लागत नाही. २०१८ पासून आई एकटी पालक असेल तर पॅन कार्डाला वडिलांच्या नावाची सक्ती राहिली नाही. सरकारी अर्ज एवढे पुढे गेले, आणि साड्यांच्या दुकानाच्या सभासद कार्डावर, भिशीच्या वहीवर, हप्त्याच्या फॉर्मवर "पतीचे नाव" अजून तसंच. आपल्या जिल्ह्यात तर याचं भान जास्त हवं. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराशी, निपाणीच्या तंबाखूच्या वखारींशी ज्यांचं आयुष्य बांधलेलं आहे अशा, कधीकाळी देवाला सोडलेल्या बायका इथे आहेत. त्या देवदासी प्रथेवर १९८२ च्या कायद्याने बंदी आली, पण ती ओळ भरताना त्यांचा हात आजही थबकतो. दुकानाला त्या नावाची गरज काय? "अडचणीच्या वेळी कुणाला फोन करायचा" एवढं विचारा. बहीण असेल, मैत्रीण असेल, शेजारीण असेल.

बँका आणि पतसंस्थांनी वारसदाराबद्दल बोलताना नवरा-बायको गृहीत धरू नये. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येतं. भाच्याला आणि मैत्रिणीला वाटून नाव लावायचं असेल, तर एकट्या माणसासाठी ही मोठी सोय आहे. काउंटरवरच्या किती जणांना ही माहिती स्वतःहून सांगता येते, ते शाखाधिकाऱ्यांनी पाहावं.

भाषेची अडचण एकट्याला दुप्पट

दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड हा राज्याचा नियम आहे, तो पाळायचाच. मी बोलतेय ते पाटीच्या आतलं. औषध कसं घ्यायचं, हप्ता कधी कापला जाईल, गॅरंटी कार्डावर काय लिहिलंय, हे कुटुंबात नातू वाचून दाखवतो. येळ्ळूरच्या किंवा शहापूरच्या एकट्या आजीला कन्नड आणि इंग्रजी दोन्ही वाचता येत नसेल, तर वाचून दाखवणारं कोणी नाही. मेसेज मराठीत पाठवा, शक्यतो आवाजात. पलीकडे कोल्हापूर भागात एकट्या राहणाऱ्या कन्नड आजीचीही हीच गरज आहे आणि तिथल्या दुकानदारांनी ती तशीच ओळखावी. गोळ्यांची पट्टी कापून देताना तारखेचा भाग कापला जात असेल, तर चिठ्ठीवर ती तारीख मोठ्या अक्षरांत लिहून द्या.

घरपोच मालासाठी पाचशे रुपयांची किमान अट असेल तर एकट्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकासाठी ती काढा आणि बदल्यात वार ठरवून घ्या. बुधवारी या गल्लीत, शुक्रवारी त्या गल्लीत. पाच छोट्या ऑर्डरी एका फेरीत जातात, खर्च निघतो.

ऑफरबद्दल एवढंच: "दोनावर एक फुकट" ही एकट्याला सूट नाही, अडगळ आहे. फुकटची वस्तू पुढच्या महिन्यात नेता येईल असं कुपन द्या.

यातलं काहीही सुरू केलंत तर किमान तीन महिने चालू ठेवा. नाराज होऊन गेलेलं एकटं गिऱ्हाईक जाहिरात वाचून परत येत नाही. त्याला कोणीतरी ओळखीचं सांगावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. पहिल्या महिन्यात हाफ प्लेटचे दहा ग्राहक असतील तर ते दहा कोण आहेत ते वहीत बघा. तेच दहा पुन्हा पुन्हा येत असतील, तर तुमचं काम बरोबर चाललंय. दर वेळी नवीन दहा येत असतील आणि जुने दिसत नसतील, तर दर नव्हे, बसवण्याची पद्धत तपासा.