कॉम्प्युटर बदलताय? आधी जुना मेल कुठं साठलाय ते बघा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाला, त्यामुळं आपल्याकडं बरीच जणं जुनं मशीन काढून नवीन घ्यायलेत. बेळगावच्या उद्यमबागेतलं वर्कशॉप असू दे, खडेबाजारातलं दुकान असू दे की निपाणीतला टॅक्सवाला, सगळ्यांचं एकच होतंय. दुकानवाला विचारतो डेटा काय काय ठेवायचा, आपण सांगतो डेस्कटॉप आणि डी ड्राईव्ह, आणि मेल काय नेटवरच असतोय की म्हणून तो विषय सोडून देतो. मग महिनाभरानं पुण्याच्या पार्टीची जुनी पर्चेस ऑर्डर, ड्रॉइंग किंवा जीएसटीच्या नोटिशीचं उत्तर लागतं आणि तोवर जुनी हार्डडिस्क फॉरमॅट होऊन गेलेली असते. म्हणून मशीन द्यायच्या आधी एक संध्याकाळ यासाठी काढाच.

पहिल्यांदा मोबाईलच्या ब्राउझरमधून मेल उघडा आणि तीन-चार वर्षांपूर्वीचा एखादा मेल शोधा. सापडला तर मेल सर्व्हरवर, म्हणजे मेल कंपनीच्या नेटवरच्या कॉम्प्युटरवर आहे, निम्मी काळजी मिटली. नुसते गेल्या पंधरा दिवसांचेच दिसत असतील तर तुमचं अकाउंट पॉपवर आहे असं समजा. पॉप म्हणजे मेल सर्व्हरवरनं उतरवून त्या एका कॉम्प्युटरवर आणून ठेवायची जुनी पद्धत, आणि आउटलुकमध्ये (कॉम्प्युटरवर मेल बघायचा मायक्रोसॉफ्टचा प्रोग्राम) चौदा दिवसांनी सर्व्हरवरची कॉपी काढून टाकायची सेटिंग बऱ्याचदा तशीच चालू राहिलेली असते. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतो आणि घरी, ऑफिसात, मोबाईलवर सगळीकडं सारखाच दिसतो. खात्री करायची तर आउटलुकमध्ये फाईल, मग अकाउंट सेटिंग्जमध्ये जा, टाईपच्या कॉलममध्ये पॉप की आयमॅप ते लिहिलेलं असतं.

पॉप निघालं तर आउटलुक पूर्ण बंद करा आणि डॉक्युमेंट्समधलं आउटलुक फाईल्स नावाचं फोल्डर बघा, त्यात पीएसटी फाईल असते, सगळा जुना मेल तिच्यातच. ती तिथं नसेल तर अकाउंट सेटिंग्जमध्येच डेटा फाईल्स टॅबवर तिचा पत्ता मिळतो. ही फाईल कॉपी करताना लई जण अडकतात ते पेनड्राईव्हपाशी, कारण पेनड्राईव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केलेला असला तर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल तो घेतच नाही, जागा कितीही रिकामी असली तरी. तो एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट करून घ्या, पण आत काही आहे का ते आधी बघा, फॉरमॅट केलं की सगळं जातंय. आणि पीएसटीच्या ऐवजी ओएसटी फाईल (सर्व्हरवरच्या मेलची त्या मशीनपुरती कॉपी) दिसली तर ती नुसती उचलून नेऊन उपयोग नाही, दुसऱ्या मशीनवर ती उघडत नाही, जुन्या मशीनवर असतानाच इम्पोर्ट-एक्सपोर्टमधून तिची पीएसटी करून घ्यायची.

नवीन मशीनवर क्लासिक, म्हणजे जुन्या पद्धतीचं आउटलुक असेल तर ओपन अँड एक्सपोर्टमधून ती पीएसटी उघडा, झालं. पण मला विचाराल तर पुढच्या वेळी हीच कटकट नको म्हणून अकाउंट आयमॅपनं जोडा आणि जुनी फोल्डरं त्यात कॉपी करून टाका, म्हणजे सगळं सर्व्हरवर चढतं आणि मोबाईलवर पण दिसायला लागतं. जीमेल असेल तर फुकटची जागा १५ जीबीच आहे आणि त्यातच ड्राईव्ह आणि फोटो पण येतात, तेवढं आधी बघून घ्या. फोल्डर ओढू नका, राईट क्लिक करून कॉपी करा, कारण मध्येच लाईट किंवा नेट गेलं तर जुनं जागेवर राहायला पाहिजे. पावसाळ्यात खानापूरकडच्या लोकांनी तर यूपीएस असल्याशिवाय हे लावूच नये.

थंडरबर्ड हा आउटलुकसारखाच फुकटचा मेल प्रोग्राम, तो वापरणाऱ्यांचं सोपं आहे. हेल्पमध्ये ट्रबलशूटिंगच्या पानावरनं प्रोफाईल फोल्डर उघडा, मग थंडरबर्ड बंद करून ते फोल्डर आख्खं उचला. त्यात सेव्ह केलेले पासवर्ड पण असतात, तेव्हा तो पेनड्राईव्ह कुणाच्या हातात देऊ नका.

आता फॉरवर्डिंग, म्हणजे जुन्या पत्त्यावर येणारा मेल आपोआप नव्या पत्त्यावर पाठवायची सोय. जुना पत्ता सोडून नवीन घेताय तर हे लावाच, पण त्याला बॅकअप समजू नका, लावल्यानंतर येणारा मेलच पुढं जातो, आधीचा एकही जात नाही आणि स्पॅममध्ये पडलेला पण जात नाही. जीमेलमध्ये हे मोबाईल ॲपमधून होत नाही, कॉम्प्युटरवर सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंगच्या टॅबवर नवीन पत्ता घाला, त्या पत्त्यावर कन्फर्मेशनचा मेल येतो तो मंजूर करा आणि कॉपी इनबॉक्समध्ये ठेवायचा पर्याय निवडा. दरम्यान बँक, जीएसटी पोर्टल, इन्कम टॅक्स सगळीकडं नवीन पत्ता बदलून घ्या. जुनं गुगल अकाउंट दोन वर्षं वापरलंच नाही तर गुगल ते काढून टाकू शकतं, म्हणून अधूनमधून लॉगिन करत राहा.

जीमेलचा खरा बॅकअप गुगल टेकआउटमधून निघतो, ही आपला डेटा उतरवून घ्यायची गुगलचीच सोय आहे. तिथं फक्त मेलवर टिक ठेवा, तयार झाल्यावर लिंक येते ती थोडे दिवसच चालते, लगेच उतरवून घ्या. एमबॉक्स फाईल मिळते, तिच्यात सगळे मेल एकत्र असतात, तिची एक कॉपी घरी आणि एक दुसरीकडं ठेवा.

आपल्या सीमाभागात आणखी एक भानगड असते. अटॅचमेंटमधली कन्नड पत्रं नुडीत आणि जुनी मराठी पत्रं श्रीलिपीत टाईप केलेली असतात, तो फॉन्ट नवीन मशीनवर नसला की आख्खं पत्र वेड्यावाकड्या अक्षरांत दिसतं. त्यामुळं जुन्या मशीनवरचे ते फॉन्ट पण बॅकअपमध्ये घ्या आणि महत्त्वाची पत्रं तिथंच पीडीएफ करून ठेवा.

सगळं झाल्यावर आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये उतरवलेला मेल नवीन मशीनवर नेट बंद करून तपासा, पाच वर्षांपूर्वीचा एक मेल अटॅचमेंटसकट उघडा. उघडला तरच जुनं मशीन रिसेट करून रिमूव्ह एव्हरीथिंग करा आणि गुगल अकाउंटच्या डिव्हाईस यादीतनं ते साइन आउट करून टाका.