वाईनला नावं ठेवण्याआधी: रेड वाईन चाखताना या चुका टाळा

शिराझ नावाच्या एकाच रेड वाईनबद्दल एक जण म्हणतो, "मस्त आहे, जांभळाची आठवण येते." दुसरा म्हणतो, "कसली मस्त! घशाला लागते, नुसता दारूचा वास." दोघांचीही जीभ शाबूत असते. पहिल्याने ती डिसेंबरातल्या संध्याकाळी पावाच्या तुकड्याबरोबर घेतलेली असते आणि दुसऱ्याने मे महिन्यात, पंख्याखाली, झणझणीत मिसळीवर. मत सांगताना मात्र यातलं काहीच कुणी सांगत नाही आणि बाटली बदनाम होते. रेड वाईनबद्दलच्या बहुतेक चुका पहिला घोट घेण्याआधीच होऊन गेलेल्या असतात.

गरम वाईन

सगळ्यात मोठी चूक हीच. रेड वाईन फ्रिजमध्ये ठेवायची नाही, खोलीच्या तापमानालाच प्यायची, हा सल्ला थंड देशांतल्या घरांसाठी होता. भारदस्त रेडला 16 ते 18 अंश पुरतात, पिनो न्वारसारख्या हलक्या रेडला 13-14 सुद्धा चालतात. नाशिक-पुण्यात एप्रिलमध्ये खोलीतली बाटली सहज 30 अंशांच्या पुढे असते. तेवढ्या उष्णतेत अल्कोहोल आधी नाकात शिरतं, फळाचा वास मागे पडतो आणि वाईन ढिली, चिकट वाटते.

"अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा" असं सर्रास सांगितलं जातं, पण 32 अंशांची बाटली अर्ध्या तासात फारशी उतरत नाही. उन्हाळ्यात तिला तास-दीड तास द्या. पाहुणे दारात असतील तर पातेल्यात बर्फ आणि पाणी दोन्ही घालून बाटली मानेपर्यंत बुडवा, 10-15 मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फाने वेळ लागतो, कारण काचेला सगळीकडून भिडतं ते पाणी. ग्लासात मात्र बर्फ टाकू नका.

उलटी चूकही होते. रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेली कॅबरने सोव्हिन्यों थेट ओतली की वास बंद आणि टॅनिन, म्हणजे वाईनमधला तुरट घटक, कडवट. अशा वेळी ग्लास तळव्यांत धरून थोडं थांबायचं, एवढाच उपाय.

ग्लास आणि खोली

वाईन ओतण्याआधी रिकामा ग्लास हुंगा. भांडी घासायच्या साबणाचा किंवा बंद कपाटाचा वास येत असेल तर तो आधी धुवा. ग्लास एक तृतीयांशच भरा, म्हणजे घुसळायला जागा राहते. अगरबत्ती, अत्तर, मोगऱ्याचा गजरा, आतून येणारी लसणाची फोडणी यांच्यापुढे कुठलीच वाईन टिकत नाही.

घुसळल्यावर काचेवरून ओघळ उतरतात ते बघून "काय पाय आहेत!" म्हणणारा एक तरी असतोच. ते ओघळ अल्कोहोल उडताना पृष्ठताण बदलल्यामुळे दिसतात, दर्जाशी त्यांचा संबंध नाही.

तिखटाशी पंगा

रेड वाईनमधलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तोंड कोरडं पडून जीभ आवळल्यासारखी होते. मिरचीतलं कॅप्सेसिन आधीच तोंड पेटवत असतं. त्यावर 13-14 टक्क्यांचं अल्कोहोल आणि हे टॅनिन आलं की जळजळ वाढते आणि वाईन कडू लागते. तांबड्या रश्श्याबरोबर घेतलेल्या कॅबरनेवरून त्या कॅबरनेला जोखू नये. (मिसळीबरोबर तर मी ताकच घेईन.)

मासळीचीही तीच गत. बांगड्यासारख्या तेलकट माशाबरोबर बऱ्याच रेड वाईन तोंडात लोखंडी चव सोडतात. दोष माशाचा नाही आणि वाईनचाही नाही, वाईनमधलं लोह आणि माशाचं तेल यांचं जमत नाही. चरबी आणि प्रथिनं मात्र टॅनिनला मऊ करतात, म्हणून कमी तिखटाचा खिमा किंवा मटण सुकं रेडशी छान जातं. मिठानेही कडवटपणा दबतो, त्यामुळे चकली-फरसाणाबरोबर साधी वाईनही बरी वाटून जाते. खरी पारख करायची असेल तर पाव आणि पाणी, बाकी ताट नंतर.

मागचं लेबल पाठ म्हणणं

लेबलवर 'ब्लॅककरंट, सीडर (देवदार)' लिहिलेलं असतं आणि आपल्यातले बरेच जण ते तसंच्या तसं सांगून मोकळे होतात, मग ब्लॅककरंट उभ्या जन्मात हुंगलेलं नसलं तरी. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात ॲन नोबल यांनी 1984 मध्ये वाईनच्या वासांचं चक्र (वासांच्या नावांचा गोल तक्ता) प्रसिद्ध केलं. ते उपयोगी आहे, पण त्यातले वास तिथल्या मंडईतले आहेत. तुमच्या नाकाला जांभूळ, करवंद, आमसूल, लवंग, ओली माती सापडत असेल तर तेच सांगा.

काही वासांमागे ठोस कारण असतं. शिराझमधला मिऱ्याचा वास रोटंडोन नावाच्या संयुगाचा, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवून दिलं. त्याच चाचण्यांत सुमारे 20 टक्के लोकांना तो वास येतच नव्हता. त्यामुळे "मिरे कुठे आहेत यात?" असं कुणी विचारलं तर त्याला अडाणी ठरवायची घाई नको. कॅबरनेत ढोबळी मिरचीचा हिरवा वास आला तर द्राक्ष पूर्ण पिकलं नसण्याची शक्यता असते. व्हॅनिला आणि नारळ बहुधा ओकच्या पिंपातून येतात.

डोळेही फसवतात. फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये वाईनचंच शिक्षण घेणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना लाल रंग घातलेली व्हाईट वाईन दिली, तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाईनच्या शब्दांत केलं. हा अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला.

आवडली नाही की बिघडली आहे?

या दोन गोष्टींची सरमिसळ फार होते. ओल्या पुठ्ठ्याचा, भिजलेल्या वर्तमानपत्राचा वास म्हणजे बुचातून आलेलं टीसीए नावाचं संयुग. हा वास थांबून जात नाही, उलट वाढतो. बाटली परत करा. ग्लासात बुचाचे तुकडे तरंगणं हा मात्र दोष नाही, ते काढून प्या. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरचा वास ठसठशीत असेल तर उपाय नाही. सडक्या अंड्याचा किंवा विझलेल्या काडीचा वास बऱ्याचदा हवा लागली की जातो, म्हणून जगमध्ये ओतून अर्धा तास ठेवा. तळाशी गाळ असेल तर बाटली काही तास उभी ठेवून हळू ओता.

रंग विटकरी, वास कुटलेल्या सफरचंदासारखा, बूच वर सरकलेलं, मान चिकट: ही बाटली कुठेतरी उन्हात तापलेली आहे. दुकानाच्या काचेत दिव्याखाली उभी केलेली बाटली घेऊच नका. घरीही माळा आणि फ्रिजच्या डोक्यावरची जागा, दोन्ही टाळा.

आणि वाईन जपून ठेवली की सुधारतेच असं नाही. नाशिक भागात द्राक्षतोड साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, तर फ्रान्समध्ये त्याच सालाची तोड सप्टेंबरच्या आसपास. म्हणजे लेबलवर साल तेच असलं तरी आपली वाईन काही महिन्यांनी मोठी. आपल्याकडच्या बहुतेक रेड ताज्या असतानाच छान लागतात. बाटलीला फिरकीचं झाकण दिसलं म्हणून वाईन हलक्या दर्जाची समजू नका.

मत सांगताना

नाव आणि सालाबरोबर तापमान, सोबतचं खाणं आणि बाटली उघडून किती वेळ झाला होता, हेही सांगा. किंमत आणि नाव यांचा दबाव नको असेल तर बाटल्यांना कागदी पिशव्या घाला. 1976 मध्ये पॅरिसला ब्रिटिश वाईन व्यापारी स्टीव्हन स्परियर यांनी अशीच झाकून चाचणी घेतली, तेव्हा फ्रेंच परीक्षकांनी कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीपची 1973 ची कॅबरने बोर्दोच्या नामांकित मुतों रोथशिल्डच्या वर ठेवली. आपल्याकडे दिंडोरीची शिराझ, अकलूजच्या फ्रातेलीची सेत्ते आणि नंदी हिल्सच्या ग्रोव्हरची ला रिझर्व्ह या देशी रेड एकत्र लावून बघा. 750 मिलीच्या बाटलीतून 50 मिलीचे 15 घोट निघतात, पाच जणांना पुरून उरतात. हलकीपासून सुरुवात करा, थुंकायला एक भांडं ठेवा, आणि वाईनरीवर गेलात तर परतीची गाडी न पिणाऱ्याच्या हाती द्या.

उरलेली वाईन झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा चाखा. टॅनिन घट्ट असलेली कॅबरने पुष्कळदा तेव्हा कुठे मोकळी होते.