कर्जातून जादा पैसे कापले? दाद कशी आणि कुठे मागायची

कर्ज मंजूर झालं एक लाखाचं आणि खात्यात आले ९४,५००. मधले साडेपाच हजार कुठे गेले असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "ते सिस्टिममधूनच कट होतं." एवढ्यावर गप्प बसायचं कारण नाही, भारतातला कायदा आणि रिझर्व्ह बँकेचे नियम कर्जदाराच्या बाजूने बरंच काही देतात. फक्त हातात कागद हवा आणि कोणतं दार आधी ठोठवायचं ते माहीत हवं.

आधी केएफएस शोधा

१ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि एनबीएफसींना (बँक नसलेल्या पण कर्ज देणाऱ्या वित्तीय कंपन्यांना) नव्या किरकोळ मुदत कर्जासाठी 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे केएफएस, हा कर्जाचे खर्च आणि अटी एका जागी मांडणारा कागद द्यावाच लागतो, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. मराठीत मागा, लाजू नका. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जात ते वाचून निर्णय घ्यायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. "ऑफर आज रात्रीच संपतेय" म्हणणाऱ्याला हे जरूर ऐकवा.

या कागदावरचं एपीआर बघा, म्हणजे सगळे खर्च धरून पडणारा वार्षिक दर. नुसत्या 'व्याजदरा'वर जाऊ नका. समजा एक लाख रुपये 'फ्लॅट १२ टक्क्यां'नी एक वर्षासाठी घेतले. व्याज १२,०००, महिन्याचा हप्ता ९,३३३. ऐकायला स्वस्त वाटतं. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावरच लागलेलं असतं, त्यामुळे खरा दर जातो सुमारे २१.५ टक्क्यांवर. प्रोसेसिंग फी अजून धरलेलीच नाही!

आणि या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट: जो आकार, म्हणजे शुल्क, केएफएसमध्ये नाही, तो तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही.

मग स्टेटमेंट शेजारी ठेवा

कर्ज खात्याचं स्टेटमेंट मागवा आणि प्रत्येक वजावट केएफएसशी ताडून बघा. हप्ता चुकला तर दंड घेता येतो, पण तो व्याजदरात मिसळता येत नाही आणि त्या दंडावर पुन्हा व्याजही चढवता येत नाही. घरगुती गरजेसाठी घेतलेलं फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजदराचं, कर्ज मुदतीआधी फेडलं तर त्यावर दंड नाही. न मागितलेला विमा हा माझ्या मते सगळ्यात निर्लज्ज प्रकार. ॲपमध्ये आधीच टिक केलेला चौकोन असतो, आपण 'पुढे' दाबतो आणि हप्ता वाढतो.

तक्रार लेखीच करा

शाखेत जाऊन आवाज चढवला तर त्याची नोंद कुठेच राहत नाही. ईमेल करा, मजकूर कोरडा ठेवा:

"कर्ज खाते क्र. … मधून ५ जून रोजी ३,५४० रुपये वजा झाले. हा आकार केएफएसमध्ये नाही आणि मी त्यास संमती दिलेली नाही. रक्कम परत जमा करावी व वजावटीचा आधार लेखी कळवावा."

तक्रार क्रमांक जपून ठेवा. वसुलीवाल्यांचा त्रास असेल तर कॉलच्या वेळा लिहून ठेवा. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायला मनाई आहे.

तीस दिवसांनंतर लोकपाल

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवरून, म्हणजे तिच्या तक्रारींच्या वेबसाइटवरून, तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी फोन १४४४८. आधी कर्ज देणाऱ्याकडे तक्रार केलेली नसेल तर अर्ज परत येतो. बहुतेक जण इथेच अडकतात.

ग्राहक आयोग

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'सेवा' या शब्दात बँकिंग आणि कर्जपुरवठाही येतो. नियमांनुसार दंड भरायची तयारी असूनही मुदतीआधी फेड नाकारणं, किंवा नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणं, अशा अटींना हा कायदा 'अनुचित करार' म्हणतो. गंमत म्हणजे अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, थेट राज्य आयोगात जावं लागतं. सेवेतली त्रुटी असेल तर जिल्हा आयोग आहे, आणि तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं. मुदत दोन वर्षांची. दाखल करण्याआधी सल्ला हवा असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. एकच गाऱ्हाणं आयोगात चालू असताना लोकपाल ते घेत नाही, तेव्हा कुठे जायचं ते आधी ठरवा.

कर्ज देणारा मुळात नोंदणीकृतच नसेल तर लोकपालाचा उपयोग नाही. बेकायदा ॲपची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर करता येते. फोटो पसरवायच्या धमक्या येत असतील तर सायबर पोलीस गाठा. महाराष्ट्रात विनापरवाना सावकार असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे जा.

कर्ज फिटलं की मूळ कागदपत्रं तीस दिवसांत परत मिळायला हवीत. घराच्या किंवा जमिनीच्या कागदांना बँकेमुळे उशीर झाला, तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई तिने द्यायची आहे. त्या शेवटच्या हप्त्याची पावती फाईलला लावून ठेवा, तीस दिवस तिथूनच मोजले जातात.